टाकीवरचा दिवस

पहाट, साडेपाच. निर्वासितांच्या छावणीत पाण्याचं काम करायला परदेशातून आलेल्या स्वयंसेवकाचा दिवस नळावर रांग लागायच्या आधी सुरू होतो. रात्रभर टाकीत उभ्या राहिलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं क्लोरीन, किती उरलंय, ते पहिला कॅन भरायच्या आत कळायला हवं. प्रतिलिटर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवं. पटकीची साथ असेल तर नळकोंडाळ्यावर १ मिलिग्रॅम.

कुपी त्याच पाण्याने विसळायची, खुणेपर्यंत भरायची आणि डीपीडी क्रमांक १ ची गोळी (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी तपासणीची गोळी) पाकीट फोडून थेट आत सोडायची. बोट लागलं की मोजणी चुकते. गोळी विरघळली की लगेच दिवसाच्या उजेडात गुलाबी रंग रंगपट्टीशी जुळवायचा. पिवळ्या दिव्याखाली घेतलेल्या नोंदीला काही अर्थ नाही.

कुपीत रंगच आला नाही तर नवखा माणूस 'क्लोरीन शून्य' असं लिहून मोकळा होतो. पण क्लोरीन फार जास्त असलं तरी तो गुलाबी रंग उडून जातो. अशा वेळी शून्य समजून टाकीत आणखी क्लोरीनचं द्रावण ओतलं, तर दुपारपर्यंत लोक ते पाणी टाकून नदीकडे वळलेले असतात. म्हणून एक भाग नमुना आणि नऊ भाग क्लोरीन नसलेलं स्वच्छ पाणी असं मिसळून पुन्हा मोजायचं आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणायचं.

हे सगळं करायचं स्थानिक पंपचालकाने. कुपी त्याच्या हातात, स्वयंसेवकाचे हात पाठीमागे. वेळ दुप्पट लागतो, लागू द्यावा.

सात वाजता आजची मात्रा ठरवायची. कालची मात्रा आज चालेलच असं नाही, कारण पाऊस पडला की पाण्यातला गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. आधी १ टक्क्याचं द्रावण: ६५ टक्के क्लोरीनची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर १५ ग्रॅम, पाणी १ लिटर. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. भांडं प्लॅस्टिकचं, हातमोजे, चष्मा, जागा मोकळी. गाळ खाली बसला की वरचं निवळ तेवढं वापरायचं. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर कमी होतो, आणि मग हिशेब बरोबर असूनही क्लोरीन कमी भरतं. डिझेल, ग्रीस पावडरीच्या खोलीत ठेवायचंच नाही. आग लागू शकते.

मग २० लिटरच्या चार बादल्या. त्यांत १, १.५, २ आणि २.५ मिलिलिटर द्रावण घालून ढवळायचं आणि पूर्ण ३० मिनिटं थांबायचं. समजा मोजणी शून्य, ०.१, ०.३ आणि ०.६ आली, तर तिसरी बादली आपली. म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला १ लिटर द्रावण. घाई होते ती नेमकी या अर्ध्या तासात. दहाव्या मिनिटाला आकडा जास्त दिसतो, मात्रा कमी ठरते आणि संध्याकाळी पाण्यात क्लोरीन उरत नाही.

पाणी ५ एनटीयूपेक्षा (गढूळपणा मोजायचं एकक) गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यायचं. त्याशिवाय क्लोरीन ओतणं म्हणजे पावडर वाया घालवणं.

दुपार वस्तीत, दुभाष्याबरोबर. नजर आणि प्रश्न घरातल्या बाईकडे असावेत, दुभाष्याकडे नव्हे. वाक्यं छोटी असावीत. 'पाणी चांगलं आहे ना?' असं पाहुण्याने विचारलं की जगात कुठेही उत्तर 'हो' असंच येतं. त्याऐवजी 'काल भरलेला कॅन कुठला? त्यातलं थोडं द्याल का?' असं विचारून त्या नमुन्यात तिथेच डीपीडीची गोळी टाकावी. नळावर ०.५ आणि घरच्या कॅनमध्ये शून्य असा प्रकार नेहमीचा. कॅनच्या आतला बुळबुळीत थर क्लोरीन संपवतो. मूठभर खडी आणि क्लोरीनचं पाणी घालून कॅन जोरात हलवला की तो थर सुटतो. टाकीतली मात्रा वाढवत बसण्यापेक्षा हा उपाय बरा; क्लोरीन ०.६ ते १ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की चवीची तक्रार करणारे वाढतात.

चार वाजता रांग. मानवतावादी कामाचं स्फिअर मानक एका नळामागे २५० माणसं धरतं, पण नळातून मिनिटाला ७.५ लिटर पाणी येतं असं गृहीत धरून. माणशी दिवसाला १५ लिटर म्हणजे ३,७५० लिटर. एवढ्याला ५०० मिनिटं, आठ तासांहून थोडं जास्त. धार ५ लिटरवर आली की तेवढ्याच माणसांना साडेबारा तास लागतात. त्यामुळे भांडण मिटवायला धावण्याआधी घड्याळ आणि बादली घेऊन धार मोजावी. बहुतेक वेळा तोटीतला गाळ निघतो, कधी पंपाचं डिझेल जपून वापरलेलं असतं.

संध्याकाळी साडेसहाला ठरल्या वेळी खुशालीचा निरोप, अंधाराआधी मुक्कामी. संयुक्त राष्ट्रांच्या १९७० पासूनच्या स्वयंसेवक योजनेतही पगार नसतो, निर्वाह भत्ता मिळतो, आणि करार मुदतीचा असतो. छावणी मात्र त्या मुदतीत संपत नाही. खरं तर माझ्या मते या कामाचा निम्मा भार नोंदवहीवर आहे: तारीख, वेळ, कोणता नळ, क्लोरीन, गढूळपणा, मात्रा, मोजणाऱ्याचं नाव. भाषा पंपचालकाची. तो आजारी पडला तर उद्या मात्रा कोण ठरवणार, त्या दुसऱ्या माणसाचं नावही पहिल्याच पानावर हवं, आणि कोठाराची दुसरी किल्ली त्याच्याकडे.