मिक्स बंद: बोकडाच्या भागवार नोंदी, आषाढ ते वैशाख

आषाढ

आखाडात धुळ्यात खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहा. पुढचा म्हणतो "एक किलो मिक्स", मागचाही तेच म्हणतो. मिक्स म्हणजे मांडीचे काही तुकडे, थोडा सीना, मानेची हाडं, एखादी नळी, वर चरबी आणि ओळख असेल तर कलेजीचा तुकडा. घरी आणून सगळं एकाच कुकरात, सगळ्यांना सारख्याच शिट्ट्या. मग ताटात एक तुकडा हाडावरून गळून पडतो, दुसरा दातात अडकतो आणि कलेजी खडूसारखी लागते. दोष जातो "बोकड जून होतं" याला.

यंदा मी मिक्स घेणं बंद केलंय. भाग वेगळा मागायचा, वेगळा शिजवायचा, वेगळा ठेवायचा. शिजायला किती वेळ लागणार आणि घरात किती वेळ टिकणार, दोन्ही गोष्टी भागावरच ठरतात. पहिल्यांदा खाटकाने विचित्र नजरेने पाहिलं, आता तोच विचारतो, "मांडीनं जोयजे का फरानं?" (मांडीचं हवं की फऱ्याचं?)

रश्श्यासाठी माझं उत्तर फरा, म्हणजे पुढच्या पायाचा खांद्याकडचा भाग. इथे बऱ्याच जणांशी वाद होणार हे ठाऊक आहे, कारण पाहुणे आले की "चांगलं मांडीचं द्या" हीच आपली रीत. पण मांडी म्हणजे मोठे, कमी चरबीचे स्नायू. जास्त शिजवली की कोरडी पडून तिचे दोरे होतात. फरा, मान आणि पायाची नळी हे जनावराचे राबणारे भाग. त्यांत स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन जास्त असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं आणि रश्श्याला जो दाटपणा येतो तो त्याचाच. नुसतं खोबरं वाढवून तो येत नाही. उलट पाठीवरच्या चापांना आयुष्यात फारसं काम नसतं, त्यामुळे ते तव्यावर लवकर होतात. त्यांना कुकर दाखवूच नये.

मग हळद, मीठ, आलं-लसूण लावून अळणी, म्हणजे मसाल्याशिवाय, शिजवताना मी दोन टप्पे केले. आधी फरा, मान आणि नळी, पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. कुकर उघडून मांडीचे तुकडे घालायचे आणि पुन्हा १२ ते १५ मिनिटं. हे आकडे कोवळ्या बोकडाचे. मांस गडद लाल, चरबी पिवळसर आणि हाडं जाड दिसली तर जास्त वेळ धरा. मिनिटं सांगतोय, कारण शिट्टी हे मोजमापच नाही. कुकरच्या आत साधारण १२० अंश तापमान असतं, शिट्टी न होताही ते टिकतं. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, मंद आचेवर एखादीच होते.

काळा मसाला नेहमीचाच: विस्तवावर भाजलेला कांदा, काळंभोर होईपर्यंत भाजलेलं सुकं खोबरं, दगडफूल, बाद्यान, लवंग, मिरी. मसाला तेलात परतून त्यावर अळणी ओतलं की तर्री वर येते. त्यात बदल करायची गरज वाटली नाही.

याच महिन्यातला दुसरा प्रयोग घरात गाजला. बोकड पहाटे कापतात, आपण आठला आणतो, अकराला शिजायला टाकतो. कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि नेमके त्याच वेळात ते आपल्या पातेल्यात असतात. थंडाव्यात एक दिवस ठेवलं की मांसातलेच एन्झाइम तो ताठरपणा सैल करतात. म्हणून शनिवारी आणायचं, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचं आणि रविवारी करायचं. काका म्हणाले, "शिळं खाऊ घालतोस आम्हाला?" जेवताना तुकड्याबद्दल काही बोलले नाहीत, भाकरी मात्र आणखी मागितली.

दिवाळीनंतर

डिजिटल थर्मामीटर घेतला, लांब सुईचा. आल्याआल्या त्याची परीक्षा घ्या. भरपूर बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात सुई धरली की ० दाखवायला हवं. धुळं समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे उकळत्या पाण्यात ९९ च्या आसपास यायला हवं.

रश्श्याला याची गरज नाही, तो उकळतोच. गरज पडते कोंबडीला, चापांना आणि भाजलेल्या अखंड मांडीला. लक्षात ठेवण्यासारखे आकडे तीनच. कोंबडी आतपर्यंत ७४. खिमा आणि कलेजी-गुर्दा ७१. बोकडाचा अखंड तुकडा ६३ आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं तसाच. सुई सगळ्यात जाड जागी घुसवायची, हाडाला टेकवायची नाही. रंगावर जाऊ नका. हाडाजवळ गुलाबी राहिलेली कोंबडी नीट शिजलेली असू शकते आणि पांढरी पडलेली कच्ची असू शकते.

कोंबडीचा विषय निघाला की आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवतंच. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथे नोंदवला गेला आणि भागातल्या पोल्ट्र्या रिकाम्या कराव्या लागल्या. तेव्हा कितीतरी घरांनी चिकन सोडलं होतं. तो विषाणू आतपर्यंत ७० अंशाला मरतो, म्हणजे नीट शिजवलेल्या कोंबडीपेक्षा कच्ची हाताळताना जास्त जपायला हवं. म्हणूनच नळाखाली धो धो धुणं मी बंद केलं. शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, पाण्याच्या माठापर्यंत जातात आणि साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू धुण्याने जात नाहीत, पसरतात. घरात धुतल्याशिवाय चालतच नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने बुडवा, पाणी हळू ओता आणि नंतर सिंक साबणाने घासा.

ब्रॉयलर आणि गावरानचा हिशेब वेगळा. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांचा असतो, कोलॅजन घट्ट व्हायला त्याला आयुष्यच मिळत नाही. त्याला कुकरात घालणं म्हणजे शिक्षा. गावरान कोंबडीला मात्र फऱ्यासारखा वेळ द्या.

माघ

खिमा, कलेजी. थोडक्यात, पण महत्त्वाचं.

अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक बाहेरच्या बाजूला. गरम तव्यावर ते आधी मरतात. खिमा करताना बाहेरचं सगळं आत मिसळतं, शिवाय मशीनमधलं आधीच्या गिऱ्हाइकाचं उरलेलंही. म्हणून मी मांडीचा अखंड तुकडा घेतो आणि सत्तूराने समोर हातखिमा करून घेतो. दाताखाली तो छानच लागतो. खिमा आणि कलेजी त्याच दिवशी करायची, फार तर दुसऱ्या दिवशी. अखंड तुकडे ४ अंशाखालच्या फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहतात.

कलेजी मिठात मुरवू नका, मीठ शेवटी. तापलेल्या तव्यावर तेल, लसूण, काळा मसाला, वरखाली करत काही मिनिटं. सुई ७१ म्हणाली की लगेच उतरवा.

भांड्यांचं सांगायचं राहिलं. आजीच्या वेळी मटणाची पातेली, पळी, पाटा सगळं परसातल्या चुलीपाशी वेगळं असायचं, घरात यायचंच नाही. कारण सोवळ्याचं होतं, पण कच्च्या मांसाचं पाणी कोशिंबिरीपर्यंत पोचायची सोयच उरत नव्हती. मी आता कच्च्यासाठी एक सुरी आणि एक फळी वेगळी ठेवलीय. सुरीच्या मुठीला लाल चिकटपट्टी लावलीय, म्हणजे पाहुण्यांनी तिने काकडी कापू नये.

वैशाख

खरी परीक्षा हीच. बाहेर ४४ अंश, मटणाची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला आणि वाटेत "जरा चहा घेऊ". ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. सर्वसाधारण नियम दोन तासांचा, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत हवा त्याच्या वरच असते. स्टीलचा डबा, थर्माकोलची पेटी आणि बर्फाची बाटली घेऊन जातो. लोक हसतात, हसू देत.

त्याहून मोठा धोका शिजलेल्या पातेल्यात आहे. लग्नाघरी किंवा नवसाच्या जेवणानंतर उरलेला रस्सा झाकून रात्रभर चुलीवर ठेवतात, सकाळी उकळी आणून भाकरी चुरतात. चव मुरलेली असते, हे मीही मान्य करतो. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जंतूचे बीजाणू उकळीतही जगतात आणि रस्सा कोमट झाला की उठतात. साधारण ४५ अंशाला, म्हणजे मोठं पातेलं मध्यरात्री ज्या तापमानावर रेंगाळतं त्यावर, ते दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होतात. सकाळच्या खळखळून उकळीने हे जंतू मरतात, पण रात्रीत स्टॅफिलोकोकस वाढला असेल तर त्याने सोडलेलं विष उकळूनही जात नाही. आंबूस वास येईलच असं नाही.

यावर उपाय परात. रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत दोन बोटं खोल ओतायचा, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवायची, वर पंखा. अर्ध्या-पाऊण तासात हात लावण्याइतका निवतो, मग फ्रिजमध्ये. "गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो" म्हणून बाहेर रात्र काढू नका. मी दोन दिवसांत संपवतो आणि गरम करताना खळखळून उकळतो.

लोडशेडिंगसाठी: दार उघडलं नाही तर खचाखच भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. फ्रिजचा खालचा भाग चारच तास. घरी नसाल तर फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या वाटीवर नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय, टाकून द्या. गोठलेलं मटण मात्र ओट्यावर सोडू नका, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणा. डब्यात साचतं ते लाल पाणी रक्त नव्हे, मांसातलं मायोग्लोबिन असतं.

पाये आणि मुंडी भाजून आणून झाल्या, पाये ५० मिनिटांत झाले. राहिली वजडी, म्हणजे पोट-आतडी. चुना लावून गरम पाण्यात खरवडायची एवढं कळलंय, पण शिजायच्या वेळेबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. नंदुरबार-शहाद्याकडच्या कोणी केली असेल तर सांगा, फक्त वेळ मिनिटांत सांगा, शिट्ट्यांत नको.