तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या खेळण्याला नवा रंग का देत नाही?

जुनी, नाजूक खेळणी जमवणाऱ्यांसाठी दुरुस्ती करते म्हटलं की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘एवढी मेहनत घेताच आहात, तर गंज घासून वर छान रंग का देत नाही? नव्यासारखं दिसेल की!’ थोडक्यात उत्तर असं, की रंग दिल्यावर खेळणं उरत नाही, खेळण्याच्या आकाराचा पत्रा उरतो. सविस्तर उत्तरासाठी पत्र्यापासूनच सुरुवात करावी लागते.

पत्र्याच्या बहुतेक जुन्या खेळण्यांवरचं चित्र रंगवलेलं नसतं, छापलेलं असतं. धातूवर ऑफसेट छपाई करण्याच्या यंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्क्ले यांनी 1875 मध्ये घेतलं आणि पुढे खेळण्यांचे कारखाने याच वाटेने गेले. सपाट पत्र्यावर आधी शाईचे थर, वर वार्निश, भट्टीत सुकवणं, आणि मग ठशात दाबून आकार. त्यामुळे मोटारीच्या बॉनेटवरची रेघ पत्र्याबरोबरच वळलेली आणि ताणलेली असते. तयार आकारावर कुंचल्याने तीच रेघ कितीही सफाईने काढा, ती वेगळीच दिसते. शिवाय नवा रंग धरावा म्हणून आधी जुनी शाई घासावी लागते, आणि ती परत आणायची सोय नाही.

गंजाचं कारणही पत्र्यातच आहे. पोलादाच्या पत्र्यावर कथलाचा पातळ मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथील तसं करत नाही. ते फक्त झाकण घालतं. ओरखडा खोल गेला, की उघडं पडलेलं लोखंड कथलाच्या शेजारी उलट लवकर गंजतं. कापलेल्या कडांवर तर कथील नसतंच. म्हणून गंज आधी कडांना, जोडाच्या जिभांना आणि चाकांच्या भोकांशी दिसतो. वरून तपकिरी ठिपका दिसला, तर आतल्या बाजूची कड आधी बघावी.

कामाला हात लावण्यापूर्वी फोटो काढायचे : सहा बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग वस्तू कशाची आहे ते ठरवायचं. लोहचुंबक चिकटला तर पत्रा किंवा बीड. चिकटला नाही आणि वस्तू जड असेल, तर जस्ताचा मिश्रधातू किंवा शिसं. हलकी, पातळ, चकचकीत आणि अंगठ्याने जरा घासल्यावर कापराचा वास येणारी वस्तू बहुधा सेल्युलॉइड. या एका ओळखीवर पुढचं सगळं अवलंबून असतं. पत्र्याला चालणारं द्रावण सेल्युलॉइडला विरघळवतं, आणि लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याच्या बाहुलीला साधं पाणीसुद्धा फुगवतं.

छापील पत्रा साफ करताना आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढायची. मग 500 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य, बिनवासाच्या डिटर्जंटचे दोन थेंब. कापसाचा बोळा त्यात बुडवून इतका पिळायचा की थेंब गळू नये, आणि तळाच्या दिसणार नाही अशा जागी लावून बघायचा. प्रत्येक रंग वेगळा तपासायचा. हिरवा टिकला म्हणून लाल टिकेलच असं नाही. बोळा करडा झाला तर मळ निघतोय, रंगीत झाला तर शाई निघतेय. शाई निघाली की पाण्याचं काम तिथेच संपलं. बोळा घासायचा नाही, लाटण्यासारखा फिरवायचा, एका वेळी नाण्याएवढी जागा घ्यायची आणि लगेच कोरड्या बोळ्याने टिपायची. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, धातूचं पॉलिश, नेलपॉलिश रिमूव्हर हे उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या तिन्हींत घासणारे कण असतात आणि ते वार्निश खातात. चौथ्यातलं अॅसिटोन सरळ शाईपर्यंत पोचतं.

शाईतला गंज पूर्ण काढायचा नसतो, थांबवायचा असतो. हलक्या यंत्रतेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब ठिपक्यावर ठेवून दिवसभर सोडायचा, मग लाकडी दातकोरणीने फुगलेला भाग अलगद उचलायचा. खाली जो काळपट डाग राहील तो राहू द्यावा. व्हिनेगर, लिंबू, फॉस्फोरिक आम्लाची तयार गंजनाशकं गंज काढतात हे खरं, पण वार्निशच्या कडेखाली झिरपतात, आणि महिन्याभराने ठिपक्याभोवतीची शाई पोपड्यासारखी सुटते. आतल्या, बिनछापील बाजूला मात्र टॅनिक आम्लाचं द्रावण चालतं. गंजाचा निळसर काळा, स्थिर थर होतो. सगळं कोरडं झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. शाई पापुद्र्यांनी सुटत असेल तिथे मेणही नको, कारण पुसताना फडक्याला पापुद्रे लागून येतात.

यापुढचा भाग चावीच्या खेळण्यांचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पत्र्याचे दोन भाग जोडताना एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेतून काढून वाकवलेली असते. वाकवलं की पोलाद त्या जागी कडक होतं. कारखान्यातलं वाकणं पहिलं, तुमचं उघडणं दुसरं, बंद करणं तिसरं. चौथ्या वेळी जीभ हातात येण्याची शक्यता मोठी. तापवून मऊ करता आली असती, पण उष्णतेने शेजारची शाई जळते. म्हणून पहिला प्रश्न : उघडणं खरंच गरजेचं आहे का? आतल्या यंत्रावर केस किंवा गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतील, तर बारीक चिमटा आणि आकडा चाकाच्या फटीतूनही पोचतो. ‘चालत नाही’ म्हणून आलेल्या खेळण्यांत धागे आणि वाळून डिंकासारखं झालेलं तेल हीच कारणं जास्त असतात; कमान (स्प्रिंग) तुटलेली असणं त्यामानाने कमी.

उघडायचंच असेल तर आधी कमान पूर्ण उतरवायची. स्वस्त पत्र्याच्या खेळण्यात कमान डबीत बंद नसते. ती उघडीच एका खांबाला अडकवलेली असते, आणि भरलेल्या अवस्थेत बाजूची पट्टी सुटली तर दाते उडतात, बोट कापतं. चाकं हातात धरून, थोडी थोडी सोडत ती रिकामी करावी. यंत्र अडकलं असेल तर चावी पक्की धरून, तिला उलट फिरू न देणारा अडसर उचलायचा आणि अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने चावी उलट जाऊ द्यायची. डोळ्यांवर चष्मा हवाच.

जीभ उचलायला स्क्रू-ड्रायव्हर नको. त्याच्या टोकाने खाचेच्या कडेला पोचा पडतो. पातळ पितळी पट्टी जिभेखाली सारायची, खाली जाड कागद ठेवायचा, आणि जीभ खाचेतून निसटेल एवढीच उभी करायची. काही जिभा वाकवलेल्या नसून पिळलेल्या असतात. त्या फक्त खाचेच्या रेषेत येईपर्यंत फिरवायच्या. बसवताना मूळच्या घडीवर पुन्हा घडी न घालता किंचित पुढे वाकवली तर ती जास्त टिकते. तुटलेल्या जिभेच्या जागी डाग देऊ (सोल्डर करू) नये, कारण तेच : उष्णता. आतल्या बाजूला पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अॅक्रिलिक रेझिनचा एक हात द्यायचा आणि वाळल्यावर त्यावर पितळेची पातळ पट्टी इपॉक्सीने चिकटवायची. इपॉक्सी सहजी निघत नाही, पण खालचा बी-72 चा थर अॅसिटोनने सुटतो. म्हणजे उद्या कुणाला माझं काम काढून टाकायचं झालं तर वाट मोकळी राहते. अॅसिटोन छापील बाजूला जाऊ नये म्हणून हे फक्त आतून, बारीक ब्रशने.

सुटं झालेलं यंत्र व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावकात) भिजवून, ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवायचं. तेल फक्त आसांच्या टोकांना, सुईने, एकेक बारीक थेंब. दात्यांना तेल द्यायचं नाही; तिथे धूळ धरते आणि तेल व धूळ मिळून दाते झिजवतात. कमानीला पातळ ग्रीसचा हात पुरतो. फवारणीचं ‘सगळ्याला चालणारं’ तेल मी यंत्रात वापरत नाही. ते गंजलेला नट सोडवायला ठीक आहे, पण इथे ते उडून जातं, मागे चिकट थर राहतो, आणि फवारा छापील पत्र्यावरही जातो.

कमान तुटते ती बहुधा आतल्या टोकाशी, आकड्याजवळ. शेवटचा एक-दीड सेंटिमीटर भाग मंद लाल होईपर्यंत तापवून सावकाश थंड होऊ द्यायचा आणि नोकदार पक्कडीने नवा आकडा वळवायचा. त्यापेक्षा जास्त लांबी तापली तर तेवढ्या भागाचा ताण कायमचा जातो. कमान थोडी आखूड होते, खेळणं एखादा फेरा कमी चालतं, एवढंच. मध्ये तुटलेली कमान जोडत बसू नये, त्याच रुंदीची आणि जाडीची दुसरी घालावी. जास्त जाड घातली तर खेळणं जोरात पळतं खरं, पण पत्र्यात पाडलेली आसांची भोकं लांबट होतात आणि दाते एकमेकांवरून घसरू लागतात.

पोचे काढताना आतून गोल टोकाची लाकडी काठी, बाहेरून चामड्याची गादी. धीम्या दाबाने पसरट पोचा येतो. तीक्ष्ण घडी पडली असेल तर हात लावू नये. पत्रा सरळ होतो आणि नेमक्या त्या रेघेवर शाई तडकते.

बॅटरीच्या खेळण्यात पांढरं-हिरवं पीठ दिसलं की लोक व्हिनेगर ओततात. आधी बॅटरी कुठली होती ते बघावं. अल्कलाइनमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं. त्याला पातळ व्हिनेगरचा बोळा चालतो. जुन्या जस्त-कार्बन बॅटरीची गळती आम्लधर्मी असते. तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी. दोन्हींनंतर डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि हे सगळं संपर्कपट्ट्यांपुरतंच.

सेल्युलॉइडचं काम मी मोजकंच घेते. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण भडकन पेटतं. मेणबत्ती, डागणी, हेअर ड्रायर काहीही त्याच्या आसपास नको. पोचा काढायला उकळत्या पाण्यात बुडवा असा सल्ला सर्रास मिळतो. जुनं सेल्युलॉइड त्यात वेडंवाकडं होतं आणि मग काही करता येत नाही. तडा गेला असेल तर मात्र सोपा उपाय आहे. टेबल टेनिसचे चेंडू बराच काळ सेल्युलॉइडचे होते, स्पर्धांमध्ये 2014 पासून दुसऱ्या प्लास्टिकचे आले. तसा जुना चेंडू कातरून अॅसिटोनमध्ये मधाएवढा दाट विरघळवायचा आणि काडीने आतल्या बाजूने तड्यात भरायचा. दुरुस्तीनंतर हवा खेळती राहील अशी जागा हवी, बंद डबा नको. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं, ती कोंडली की कुजणं वाढतं आणि शेजारची पत्र्याची खेळणी गंजतात. पिवळं, चिकट, बारीक तड्यांचं जाळं पडलेलं आणि आंबट वास येणारं सेल्युलॉइड दिसलं की ते आधी बाकीच्या संग्रहातून वेगळं काढा.

जस्ताच्या मिश्रधातूच्या मोटारींचा रोग वेगळा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या ओतीव गाड्यांत तो नेहमी दिसतो : अंग फुगतं, तडे जातात, कोपरे बिस्किटासारखे तुटतात. मूळ कारण मिश्रणात शिरलेलं शिसं. म्हणून आजच्या मिश्रणात शिसं शेकडा 0.005 च्या आत ठेवतात. हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, पण बराही होत नाही; ओल आणि उष्णता त्याला पुढे ढकलतात. अशा गाडीची चाकं काढायला जाऊ नका, आस ओढताच भोकाभोवतीचा धातू सुटतो. मापं घ्या, फोटो घ्या, कोरडी ठेवा. आणखी एक बघा : मऊ पीव्हीसीचे टायर प्लास्टिकच्या स्टँडवर टेकले असतील तर मधे पॉलिएस्टरची पातळ फिल्म घाला. टायरमधलं मऊपणा देणारं तेलकट रसायन बाहेर येतं आणि खालचं पॉलिस्टायरीन विरघळवून खड्डे पाडतं.

जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगीत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. कोरडं घासकाम नाही, हातमोजे घालायचे, टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, आणि दुरुस्त झालेलं खेळणं मुलांच्या हाती द्यायचं नाही.

आता पुन्हा रंगाकडे. मी रंग अजिबात लावत नाही असं नाही. शाई गेलेल्या जागेपुरता, बी-72 च्या थरावर, मूळ शाईच्या कडेवर न चढवता लावते. तोही फक्त मालकाने मागितला तर. 365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली असा भाग बहुतेक वेळा वेगळा चमकतो, आणि दिसलाच पाहिजे. सोबतच्या चिठ्ठीत कुठे काय लावलं आणि ते कशाने निघेल हे लिहिलेलं असतं, कारण संग्राहक खेळणी विकतात, आणि पुढच्या घेणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे. पूर्ण रंग देते तो एकाच प्रकारच्या खेळण्याला : ज्याची मूळ शाई कुणीतरी आधीच खरवडून टाकली आहे आणि वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याच्या तळाला, आतल्या बाजूने, रंग दिल्याचं वर्ष कोरते.