उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

गुरुवारी सकाळी साडेसहाला बाबांना हृदयाच्या तपासणीसाठी न्यायचं होतं. फाइल मांडीवर धरून ते गाडीत बसलेही. मी किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, नुसता टक्-टक् करत राहिला. रिक्षा मिळेपर्यंत बाबा गेटपाशी थंडीत उभे होते. ते चित्र डोळ्यांसमोरून जाईना. शिवाय बॅटरी तीनच आठवड्यांपूर्वी बसवलेली, कोरी होती.

तीन आठवड्यांपूर्वीही हेच झालं, तेव्हा गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि "बॅटरी गेली, नवी टाका" म्हणून सांगितलं. जुनी तीन वर्षांची होती, त्यामुळे पटलं. साडेचार हजार गेले, जुनी भंगारात जमा झाली. मात्र तिला लोड टेस्टर, म्हणजे ताण देऊन बॅटरीची ताकद जोखणारं यंत्र, लावून कुणी तपासलंच नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. गाडी रोज वापरात असली की उभ्या गाडीत बॅटरी उतरतेय हे कळतही नाही. माझं काम घरूनच चालतं, गाडी रविवारी संध्याकाळी लावली की थेट गुरुवारी-शुक्रवारी निघते. म्हणजे साडेतीन-चार दिवस ती नुसती उभी असते.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर वायरिंगचं काम केलेले. व्होल्ट आणि करंट मोजणारा मल्टीमीटर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी बॅटरीवरच मीटर लावला : ११.७ व्होल्ट. पूर्ण भरलेली, काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की सेल्फ फिरवायची ताकद फारशी उरत नाही. चार्जरवर रात्रभर ठेवल्यावर ती पुन्हा १२.६ ला आली आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिली. इंजिन चालू करून पाहिलं तर १४.२. म्हणजे बॅटरी धडधाकट आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र, चार्जिंगही नीट करत होता. चोर कुठेतरी उभ्या गाडीतच होता.

माझी पहिली शंका डॅशकॅमवर होती, म्हणून तो काढून ठेवला. मग रविवारी एकट्यानेच मोजायला बसलो आणि दिवस वाया घालवला. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, तर २.८ अँपिअर! मोठा शॉर्ट असणार असं समजून एकेक फ्यूज उपटायला लागलो. प्रत्येक फ्यूजनंतर आकडा वेगळाच दिसे, कधी वाढे, कधी घटे, काही अर्थ लागेना. संध्याकाळी काकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, तिला झोपू तर दे आधी."

सगळी गंमत तिथेच आहे. आजच्या गाड्यांत दरवाजा, सेंट्रल लॉक, इंजिन, डॅशबोर्डवरचे मीटर अशा प्रत्येकाचा छोटा संगणक असतो. बॅटरीची तार सुटून परत लागली की ते सगळे जागे होतात आणि पुष्कळ करंट ओढतात. दरवाजे बंद, किल्ली लांब अशा अवस्थेत कुठे दहा मिनिटं, कुठे अर्धा तास गेला की मग एकेक करून झोपतात. त्यानंतर जो करंट उरतो तोच खरा. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे ०.०५ अँपिअरपर्यंत, तो चालतो. घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, स्मृती जपणं एवढ्याला तेवढा लागतोच.

पुढच्या शनिवारी काका स्वतः खाली आले. काच खाली करून ठेवली, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवला आणि त्याच्या कुलपाचा खटका स्क्रू ड्रायव्हरने दाबून अडकवला, म्हणजे गाडीला दरवाजा बंदच वाटतो. किल्ली वर घरात ठेवून आलो. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घातली, मिलिअँपिअरच्या नाही. मिलिअँपिअरच्या भोकाचा आतला फ्यूज नाजूक असतो, गाडी जागी असताना लगेच उडतो. मग काकांनी मीटरची एक क्लिप निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशाला आणि दुसरी केबलच्या क्लॅम्पला आधीच लावली, आणि मगच १० नंबरच्या पान्याने नट सैल करून क्लॅम्प उचलला. करंट क्षणभरही तुटला नाही, त्यामुळे कुणी नव्याने जागं झालं नाही. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि मीटर जळून जाईल.

आम्ही पार्किंगमध्येच खुर्च्या टाकून चहा घेतला. आकडा १.१ वर आला, मग ०.६, आणि बावीस मिनिटांनी ०.२९ वर येऊन थांबला. पुढची दहा मिनिटं तो हलला नाही. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास पुरेल एवढी. रविवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ सुमारे ८५ तास, गुणिले ०.२९ म्हणजे जवळपास २५ अँपिअर-तास. बाबांच्या तपासणीच्या सकाळी बॅटरीत जेमतेम दहा उरले होते.

फ्यूज उपटण्याऐवजी काकांनी इथे दुसरी युक्ती दाखवली, आणि मला वाटतं हीच शिकण्यासारखी. ब्लेड फ्यूजच्या, म्हणजे गाडीतल्या दोन चपट्या पायांच्या प्लास्टिक फ्यूजच्या, डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. क्लॅम्प परत लावून घेतला, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवला आणि प्रत्येक फ्यूजच्या त्या दोन ठिपक्यांवर पिना टेकवल्या. करंट वाहत नसेल तर शून्य दिसतं, वाहत असेल तर थोडासा व्होल्टेज. फ्यूज जागचा हलत नाही, त्यामुळे कुणी जागं होत नाही. बहुतेक ठिकाणी ०.० किंवा ०.१ आलं. स्टिअरिंगखालच्या पेटीत एका १५ अँपिअरच्या फ्यूजवर १.३ मिलिव्होल्ट. अशा छोट्या फ्यूजचा विद्युतरोध पाचेक मिलिओम असतो, म्हणजे करंट पाव अँपिअरच्या जरा वर. हिशेब जुळला.

त्या फ्यूजवर मात्र तिघांचं बिऱ्हाड होतं : आतला दिवा, डिकीचा दिवा आणि स्टिरिओ. आतला दिवा विझलेला दिसतच होता. डिकीत मोबाइल व्हिडिओ चालू करून ठेवला आणि झाकण बंद केलं. नंतर पाहिलं तर झाकण लागताच अंधार होत होता. राहिला स्टिरिओ, जो मी गेल्या दिवाळीत एका ॲक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतला होता, मोठ्या स्क्रीनचा. त्याची चौकट काढून मागचा कपलर (वायरींचा जोड) सोडला आणि मीटर पुन्हा जोडून बसलो. झोपल्यावर आकडा : ०.०२.

अशा स्टिरिओला दोन प्लस लागतात. पिवळी वायर कायम चालू राहते, ती स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवते. लाल वायर किल्लीवर चालते, किल्ली काढली की तिच्यातला पुरवठा जातो आणि स्टिरिओला झोपायची खूण मिळते. बसवणाऱ्याने लाल वायर सोलून पिवळीलाच पीळ मारून जोडली होती, वरून टेप. गाडीकडून येणारी किल्लीवरची वायर बाजूला तशीच लोंबत होती. किल्लीशिवाय गाणी वाजतात म्हणून मी तेव्हा खूशही झालो होतो. बटण दाबलं की स्क्रीन काळा होई, पण खूण कधीच न मिळाल्याने आतला प्रोसेसर रात्रंदिवस जागा राही. मला याचा राग आला आणि अजून येतो. दहा मिनिटं वाचवण्यासाठी केलेल्या त्या जोडणीमुळे कदाचित चांगली असलेली बॅटरी भंगारात गेली.

वायर वेगळ्या करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. किल्लीच्या पहिल्या खटक्यावर १२ व्होल्ट देणारी वायर नंतर मीटरनेच शोधली, पुन्हा निगेटिव्ह काढून लाल वायर तिला सोल्डर करून जोडली. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरिंगच्या आसपास काकांनी मला हातही लावू दिला नाही. शेवटचं मोजमाप स्टिरिओ जोडून : ०.०२.

मुद्दाम गाडी हलवली नाही. अकराव्या दिवशी सकाळी सहाला बॉनेट उघडून मीटर टेकवला, १२.५. मग बाबांना फोन करून खाली बोलावलं.