परदेशातला मुक्काम वाढवताना: आधी शिक्का, मग तिकीट

शिक्षणात किंवा नोकरीत वर्षाचा खंड घेऊन परदेशात जाणारी मुलं-मुली आता कराड, वाई, विटा, मिरजेतूनही निघतात. निघताना सगळं नीट जुळवलेलं असतं. घोळ होतो तो शेवटच्या दोन महिन्यांत, "अजून थोडं राहू" असं ठरल्यावर. पहिला फोन जातो विमान कंपनीला. तारीख पुढे ढकलली जाते, पैसे भरले जातात, आणि मग कळतं की त्या देशात तेवढे दिवस राहायची परवानगीच नाही. क्रम उलटा झाला की तेच पैसे दोनदा भरावे लागतात.

त्यामुळे सगळ्यात आधी पासपोर्ट उघडा आणि प्रवेशाचा शिक्का किंवा प्रवेशाची नोंद बघा. व्हिसावर छापलेली मुदत वेगळी आणि राहायची मुदत वेगळी. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची शेवटची तारीख ठरते ती आय-९४ या नोंदीवर, आणि ती नोंद ऑनलाइन बघता येते. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर "पासून-पर्यंत"च्या तारखा असतात, पण त्याखाली दिवसांचा आकडा वेगळा असतो. खरा तोच. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. मधे आठवडाभर शेंगेनबाहेरच्या सर्बियात जाऊन आलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. तिथे मुदत वाढते ती आजारपण, घरातलं मोठं संकट, विमानसेवा ठप्प होणं अशाच कारणांसाठी, आणि तीही कागद दाखवून. फिरायचं राहिलंय हे कारण तिथे चालत नाही.

थायलंडमध्ये काम सोपं आहे. इमिग्रेशन ऑफिसात मुदतवाढीचा टीएम ७ फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या प्रती आणि १,९०० बाट भरले की पर्यटकाला साधारणपणे ३० दिवस वाढवून मिळतात. अडतं ते टीएम ३० वर. तुम्ही आपल्याकडे राहता अशी नोंद घरमालकाने किंवा हॉटेलने केलेली असावी लागते, आणि ओळखीच्या घरी किंवा स्वस्तातल्या खोलीवर राहणाऱ्यांची ती बरेचदा झालेलीच नसते. अर्जाच्या आठवडाभर आधी मालकाकडून तिची पावती घ्या. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. दंड भरून सुटता येतं म्हणून त्याकडे कुणी हलक्याने बघू नये. ९० दिवसांच्या वर गेलं तर स्वतःहून विमानतळावर हजर झालात तरी वर्षभर प्रवेशबंदी लागते, आणि देशात असताना पकडले गेलात तर बंदी याहून बरीच मोठी असते.

बालीला जाणाऱ्यांसाठी: इंडोनेशियाचा आगमन-व्हिसा ३० दिवसांचा, तो एकदाच ३० दिवसांनी वाढतो. अर्ज ऑनलाइन केला तरी फोटो आणि मुलाखतीसाठी इमिग्रेशन ऑफिसात जावं लागतं, म्हणून दोन आठवडे आधीच सुरुवात करा. उशिराचा दंड दिवसाला दहा लाख रुपिया आहे.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण वेगळं, आणि आपल्याकडच्या मुलांसाठी सध्या सगळ्यात कामाचं. भारतीय पासपोर्टवाल्यांना २०२४ पासून तिथला वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, मिळू लागला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. तो बारा महिन्यांचा असतो. दुसरं वर्ष हवं असेल तर पहिल्या वर्षात ठरावीक भागात ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलेलं असावं लागतं. तिसऱ्यासाठी सहा महिने. कॅफेत शहरात केलेलं काम बहुतेकदा त्यात बसत नाही. शेतीचं काम किंवा उत्तर ऑस्ट्रेलियातलं हॉटेल-पर्यटनाचं काम बसतं, तेही त्या जागेचा पिनकोड यादीत असेल तरच. त्यामुळे काम धरण्याआधी पिनकोड तपासा, प्रत्येक पे-स्लिप आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. रोख पगार घेतलात की हातात पुरावा राहत नाही.

तिथेच असताना, मुदत संपण्याआधी नवा अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो. तो राहण्यापुरता असतो. त्यावर देशाबाहेर पाऊल टाकलं की तो संपतो, परत येता येत नाही. बाहेर जाऊन परत यायचं असेल तर आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढावा लागतो. घरी लग्न आहे म्हणून चार दिवस यायचं ठरवणारे नेमके इथे अडकतात. पर्यटक व्हिसावर असाल तर पत्रातल्या अटी वाचा: ८५०३ हा आकडा दिसला तर तिथे राहून पुढचा व्हिसा मागता येत नाही. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेचा दोन वर्षांचा व्हिसा तर वाढतच नाही, तिथे परतीची तारीख पहिल्या दिवसापासून पक्की धरा.

हे नियम आणि रकमा बदलत असतात. अर्ज करायच्या दिवशी त्या देशाच्या इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघाच.

पासपोर्टची मुदत हा याच विषयाचा भाग. बरेच देश पुढचे सहा महिने शिल्लक मागतात, आणि थायलंडसारख्या ठिकाणी पासपोर्ट जिथे संपतो त्याच्यापुढे मुक्काम वाढत नाही. निघताना वर्षाहून कमी मुदत उरली असेल तर घरूनच नवा काढून जावा. सातारा-सांगली पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात. बाहेर असताना भारतीय वकिलातीतून नूतनीकरण होतं, पण पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर निघाली तर त्यात आठवडे जातात. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते फक्त भारतात परतायला, एकदाच चालतं. त्यावर येताना शक्यतो थेट विमान धरा, कारण मधल्या देशाने तो कागद मानायला नकार दिला तर पहिल्या विमानतळावरच अडकून पडाल.

आता तिकीट. विमान कंपन्या साधारण अकरा महिने पुढचीच विमानं विक्रीला काढतात. म्हणजे पूर्ण वर्षासाठी जाणाऱ्याला जाताना परतीची खरी तारीख घालताच येत नाही, हाताशी येणारी तारीख टाकावी लागते. त्यामुळे बदल होणारच हे धरून तिकीट घ्या. तारीख बदलण्याचा खर्च दोन भागांत येतो: बदलाची फी आणि भाड्यातला फरक. फीचीच चौकशी सगळे करतात, खिसा कापतो तो फरक. तुम्ही घेतलेला स्वस्त भाडेवर्ग नव्या तारखेला भरलेला असतो, मग वरच्या वर्गाचं भाडं लागतं. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, दिवाळीच्या आधीचे दहा दिवस आणि मे महिना टाळलात तर हा फरक बराच खाली येतो. सगळ्यात स्वस्त "लाइट" भाड्यात तर कधी कधी बदलच नसतो.

तिकिटाला स्वतःचीही मुदत असते, साधारणपणे पहिल्या प्रवासापासून एक वर्ष. मुक्काम वर्षाच्या पुढे गेला की परतीचा तुकडा पैसे भरूनही वाचत नाही. अशा वेळी नवं एकेरी तिकीट घ्या, पण जुनं तसंच सोडून देऊ नका. विमान सुटण्याआधी ते रद्द केलं तर निदान न वापरलेले कर परत मिळायची शक्यता असते. न कळवता विमान सोडून नो-शो लागला की बऱ्याच भाड्यांत उरलेलं मूल्यही जातं.

तिकीट सांगलीतल्या एजंटकडून किंवा एखाद्या ॲपवरून काढलं असेल तर बदल त्यांच्याकडूनच करावा लागतो, आणि दोन देशांच्या वेळेतला फरक लक्षात ठेवून फोन करा. बदल झाल्यावर पीएनआर दिसतो म्हणून निश्चिंत होऊ नका. तेरा आकडी ई-तिकीट नंबर नव्या तारखेला जोडून आला का ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. आसन राखलेलं आहे पण तिकीट पुन्हा काढलेलंच नाही, हा प्रकार चेक-इनच्या काउंटरवर उघड होतो, आणि तेव्हा पर्याय महाग असतात.

परवानगी हातात येईपर्यंत जुनं तिकीट रद्द करायचं नाही. नवी तारीख मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधीची घ्यायची. आणि मध्यरात्रीची विमानं नीट वाचायची. १५ तारखेचं रात्री १२.४० चं विमान म्हणजे १४ तारखेला रात्री नऊला विमानतळावर. दरवर्षी माणसं एक दिवस उशिरा पोचतात. उलट बाजूही आहे: मुदत १४ ला संपत असेल आणि इमिग्रेशनच्या रांगेत बारा वाजून गेले, तर एक दिवस जास्त राहिल्याची नोंद लागू शकते.

परतीचा मार्ग निवडताना भाडं बघण्याआधी ट्रॅन्झिट, म्हणजे मधल्या देशात विमान बदलायचे नियम, बघा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. दक्षिण अमेरिकेतून येताना मायामीमार्गे स्वस्त तिकीट दिसतं, ते त्यामुळेच उपयोगाचं नाही. साओ पाउलोहून दोहा, दुबई किंवा आदिस अबाबामार्गे मुंबई हे मार्ग सुटसुटीत. दोन वेगळी तिकिटं जोडली असतील तर मधल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा टाकावी लागते, म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा. एकाच तिकिटावर, बॅग थेट मुंबईपर्यंत, हा आग्रह धरा.

मुक्काम वाढवून आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका जोडणार असाल तर पिवळ्या तापाची लस विसरू नका. पिवळ्या तापाच्या पट्ट्यातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. एकदा घेतली की ती आता आयुष्यभर ग्राह्य आहे.

प्रवासविमा संपायच्या आतच वाढवा. संपल्यावर परदेशात बसून भारतीय कंपनीची नवी पॉलिसी सहसा मिळत नाही. भारतातला मोबाइल नंबरही जिवंत ठेवा. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर बँकेचा ओटीपी. घरच्यांनी रिचार्ज करत राहावं, तुम्ही रोमिंग चालू करून अधूनमधून एक मेसेज पाठवावा. आई-बाबा बँकेतून पैसे पाठवणार असतील तर पाठवणाऱ्याच्या पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर रक्कम गेली की टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल केलेला कर, कापला जातो, हे त्यांच्या कानावर घाला.

परतीची तारीख खरं तर इथले कागद ठरवतात. सीईटी देऊन प्रवेश घ्यायचा असेल तर फॉर्म हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होते, एप्रिल-मेमध्ये इथे असणं भाग आहे. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. नवा अर्ज पालकांना करता येतो, तेवढे कागद घरी ठेवून जा. प्रवेशाच्या वेळी खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात जायची-यायची तारीख पासपोर्टच्या शिक्क्यांशी जुळली पाहिजे.

शेवटचा टप्पा मुंबईपासून घरापर्यंत. तिकिटावर विमानतळाचा कोड बघा: बीओएम म्हणजे अंधेरी-सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. घ्यायला येणारी गाडी चुकीच्या विमानतळावर उभी राहायला नको. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून ते काम घरच्या कुणाकडे सोपवा. सांगली-मिरजेसाठी रात्रीची महालक्ष्मी सोयीची, सकाळीच पोचवते. साताऱ्याला तीच गाडी पहाटेच्या अंधारात येते आणि स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. मोठ्या बॅगा असतील तर सकाळची कोयना किंवा रस्ता बरा. रस्त्याने पुण्यात स्वारगेटहून साताऱ्याच्या विनाथांबा एसटी मिळतात. शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात गाड्या तुंबू शकतात, तेवढं जमेस धरा. कोल्हापूरच्या गाडीत बसून सांगलीला जायचं असेल तर कंडक्टरला आधीच सांगून पेठ नाक्याला उतरा, तिथून ईश्वरपूर-आष्टामार्गे सांगलीची एसटी मिळते.