वजनं उचलायला लागले आणि आकडा पडला

जिममधला पहिला ‘लेग डे’, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एचआरव्ही, हृदयाच्या ठोक्यांवरून निघणारा एक आकडा, १६ आला. आदल्या सकाळी तो २६ होता. जिना उतरताना मांड्या थरथरत होत्या ते समजण्यासारखं होतं, पण हृदयाचंही काही बिनसलं की काय, या विचारात चहा उतू गेला आणि शेगडी पुसत बसावं लागलं.

मी ४८ वर्षांची. कराडला राहते, एका साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. दिवसभर खुर्ची. मागच्या वर्षी मे महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. नुसतं चालून भागायचं नाही, स्नायू कमवा. तोवर माझा व्यायाम म्हणजे सकाळची प्रीतिसंगमाची चक्कर. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भेटतात. घाटावर दोन फेऱ्या, ओळखीच्या चौघीजणी, तासाभरात घरी. त्याच सुमारास मुलीनं तिचं जुनं स्मार्ट घड्याळ मला दिलं, आणि त्यात एचआरव्ही नावाचा एक आकडा दिसायला लागला. आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेलंय, आकडा दिसला की त्याचं खातं उघडल्याशिवाय राहवत नाही.

हृदय मिनिटाला ७० वेळा धडकत असेल, तर दोन ठोक्यांमधलं अंतर दरवेळी सारखंच असेल असा माझा समज होता. तसं नसतं. कधी ८४० मिलिसेकंद, कधी ८७०, कधी ८३०. हा जो मागेपुढे होण्याचा खेळ आहे, त्याचं माप म्हणजे एचआरव्ही. हृदयाला मोकळं सोडलं तर ते स्वतःच्या लयीत मिनिटाला शंभरच्या आसपास धावेल. त्याला आवरून धरते ती मेंदूकडून आलेली व्हेगस नर्व्ह. श्वास घेतला की तिची पकड सैल होते आणि ठोके जवळ येतात, सोडला की पकड घट्ट आणि ठोके लांब. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं १८४७ मध्येच हे टिपून ठेवलंय. शरीर ताणाखाली असलं, मग तो ताण तापाचा असो, जागरणाचा की वजनांचा, की व्हेगस मागे सरते आणि ठोके एकसारखे पडायला लागतात. म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं नेमकं चालणारं हृदय ही शाबासकीची गोष्ट नाही.

हे कळायच्या आधी मी एक दिवस उगीच घाबरून काढला. १९८७ सालच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं होतं. हार्ट अटॅक येऊन गेलेले ८०८ रुग्ण. ज्यांचा एचआरव्ही ५० मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका शंभरच्या वर असणाऱ्यांपेक्षा ५.३ पट. माझ्या घड्याळात त्या दिवशी ३८. दुपारचा डबा तसाच परत आला. संध्याकाळी नीट वाचल्यावर कळलं की तो आकडा चोवीस तास होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र, लावून काढलेला होता, आणि घड्याळ जेमतेम मिनिटभराचं माप देतं. वर्षाची उलाढाल आणि एका दिवसाचा गल्ला शेजारी ठेवून दुकान बुडालं म्हणण्यासारखंच झालं हे.

मग छातीचा पट्टा घेतला. तो ठोक्यांमधलं अंतर ईसीजीसारखं विजेच्या लहरीवरून पकडतो. घड्याळ मनगटावर उजेड टाकून रक्ताची लाट बघतं, हात हलला की गोंधळतं. पट्ट्याचं म्हणणं २५, घड्याळाचं ३८. कोण खोटं? कुणीच नाही. एसडीएनएन (सगळी अंतरं सरासरीपासून किती पसरलेली) आणि आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांत किती फरक) अशी दोन वेगळी मापं आहेत आणि दोघांनाही लोक एचआरव्हीच म्हणतात. घड्याळ एसडीएनएन देत होतं, पट्ट्याचं अॅप आरएमएसएसडी. त्यातून ठोक्यांची फाइल काढता येते हे कळल्यावर मी ती एक्सेलमध्ये ओढली. रीत सोपी आहे. समजा अंतरं आहेत ८४२, ८७१, ८६०, ८२९, ८५१. लागोपाठच्या दोघांतले फरक २९, ११, ३१, २२. त्यांचे वर्ग करायचे, बेरीज २४०७, चारानं भागून ६०१.७५, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. झाला एचआरव्ही. आपलं हृदय आपणच रकान्यात मांडून बघण्यात जे सुख आहे, ते अकाउंट्सवाल्यांनाच कळेल.

रोजची पद्धत ठरली. उठलं की बाथरूमला जाऊन यायचं, पट्ट्याचे इलेक्ट्रोड ओले करायचे, पलंगावर टेकून दोन मिनिटं गप्प बसायचं. चहा त्यानंतर. पहिल्या आठवड्यात मी चलाखी केली. मोजण्याआधी प्राणायाम, आणि मोजतानाही तसाच संथ श्वास, मिनिटाला सहाच. आकडा थेट ४५! दोन दिवस हवेत होते. पण लांब श्वासानं ठोक्यांचा झोका वाढतोच, त्यात माझी प्रकृती सुधारली असं काही नसतं. परीक्षेत कॉपी करून पहिला नंबर काढला, एवढंच. तेव्हापासून मोजताना श्वास जसा चालेल तसा. जिम सुरू करण्याआधीचे तीन आठवडे आकडा २२ ते २७ मध्ये राहिला, सरासरी २५.

सासूबाईंना हे सगळं भारी गमतीचं वाटायचं. त्यांनी चाळीस वर्षं डेअरीला दूध घातलंय. पट्टा काढला की आतल्या खोलीतून हाक यायची, “काय गं, आज फॅट किती लागली?”

जूनमध्ये जिम लावली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे ती, जिन्यात रंगाचा वास आणि वर लोखंडाचा. ट्रेनर माझ्या पुतण्याच्या वयाचा. पहिल्या दिवशी पाच किलोचं डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, दहाचे तीन सेट. “ताई, समोर बघा. अजून दोन. सोडायचं नाही.” आणि दुसऱ्या सकाळी १६. बसल्या जागी नाडीही ६८ ची ७३. तिसऱ्या दिवशी १९, चौथ्या दिवशी कुठं २४. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

मी चक्रावले. व्यायामानं एचआरव्ही वाढतो असंच सगळीकडे लिहिलेलं. मी तर पैसे भरून तो पाडत होते. सासूबाईंना म्हटलं, आई, फॅट पडली. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “चारा बदलला की पडतेच. एका दिवसाच्या फॅटवर म्हैस कोण विकतं का?”

वाचत गेले तसं कळलं की वजनांनंतर असं पडणं नेहमीचंच आहे. चालून आल्यावर व्हेगस लवकर जागेवर येते, वजनांनंतर तिला जास्त वेळ लागतो. कुठे एक दिवस, कुठे दोन, नवख्याला आणखी. सेट जितके जास्त आणि स्नायू जितके मोठे, तितकी घसरण मोठी. माझ्या वहीत ते सरळ दिसायला लागलं. छाती आणि हातांच्या दिवसानंतर आकडा दोन-तीननं उतरायचा, पायांच्या दिवसानंतर आठ-नऊनं. डंबेल तेवढंच ठेवून सेट तिनाऐवजी दोन केले, तर घसरण निम्म्यावर.

आणखी एक खोड सापडली, आणि ती ट्रेनरनं पकडली. खालून वर येताना मी श्वास कोंडून धरत होते, तोंड लालबुंद. “ताई, वर येताना सोडा श्वास, फुंकर घातल्यासारखा.” असेल लहानसहान गोष्ट म्हणून मी सोडून दिलं असतं, पण कॅनडातला १९८५ चा एक प्रयोग वाचनात आला. पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून, वजन उचलतानाचा रक्तदाब थेट मोजलेला. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये, म्हणजे पायांनी वजन ढकलताना, सरासरी ३२०/२५०, आणि एकाचा तर ४८०/३५० च्या वर. इतकं वर जाण्यात श्वास कोंडण्याचाही हात असतो. ते जबरी वजन पेलत होते, मी पाच किलोवाली, पण वाचल्यापासून फुंकर चुकली नाही. जिममध्ये दोन पोरं माझी नक्कल करून हसतात. हसू देत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अॅप म्हणालं २५ आणि माझी एक्सेल म्हणाली ७१. सूत्र तपासलं, बरोबर. मग रकाना वरून खाली वाचत गेले. ८४०, ८५०, आणि मध्येच ५२०. त्याच्या पुढे ११६०. मग पुन्हा ८४५. एक ठोका आधीच येऊन गेला होता आणि त्याच्यानंतर हृदय जास्त थांबलं होतं. ५२० आणि ११६० ची बेरीज १६८०, म्हणजे बरोबर ८४० चे दोन ठोके. जमाखर्च पैशापर्यंत जुळलेला, फक्त नोंद चुकीच्या तारखेला पडलेली! अॅपला असे ठोके गाळता येतात, माझ्या एक्सेलला येत नव्हते. फरकाचा वर्ग करायचा म्हटल्यावर एकशेचाळीसात एकच वेडावाकडा ठोका सगळा हिशेब उलथवतो. ज्या आकड्यावर मी पेढे वाटले असते, तो मुळात आगाऊ ठोक्याचा होता. तरी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. म्हणाले, असे ठोके पुष्कळांना अधूनमधून येतात. वारंवार यायला लागले, किंवा चक्कर-धाप असली, तर लगेच या. आणि एक्सेलचा कागद घडी घालून मला परत दिला.

सप्टेंबर-ऑक्टोबर छान गेले. डंबेल सुटलं, बार हातात आला. नुसता बारच वीस किलोचा असतो, हे बाहेरून बघताना कळत नाही. ३० किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे बार जमिनीवरून उचलून उभं राहणं, झाला तेव्हा ट्रेनरनं फोटो काढला, मी तो कुणालाच दाखवला नाही आणि रोज बघितला.

नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला. ऊसबिलं, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, रात्री नऊ-साडेनऊला घर, मग जेवण. जिममधली वजनं होती तेवढीच, पण आठवड्याची सरासरी २६ वरून १९ वर आली आणि तिथंच बसली. एका पुतणीच्या हळदीला गेले, रात्री दीडला झोपले. दुसऱ्या सकाळी १४. त्या आठवड्यात मी जिमला पाऊलही टाकलं नव्हतं. पहिल्या लेग डेनंही जिथं नेलं नव्हतं तिथं त्या एका जागरणानं आणि रात्री साडेअकराच्या पुरणपोळीनं नेलं. शरीर ताणाचं वेगवेगळं खातं ठेवत नाही, सगळं एकाच वहीत जातं. ट्रेनरला आकडे दाखवले. त्याला एचआरव्हीचं काही फारसं कौतुक नाही, पण चेहरा बघून म्हणाला, “ताई, हा आठवडा डीलोड करू.” म्हणजे जिमला यायचं, पण सेट निम्मे. पाचव्या दिवशी २५.

तेव्हापासून नियम केला. एका सकाळच्या आकड्याकडे बघून काही ठरवायचं नाही, सात दिवसांची सरासरी बघायची. ती सलग घसरत असेल तर पायांचा दिवस हलका. बाकी काही नाही.

मार्चमध्ये नऊ महिन्यांचा आढावा घेतला. डेडलिफ्ट ५५ किलो. एचबीएवनसी ५.८. आणि एचआरव्हीची सरासरी? २६. सुरुवातीला २५ होती. नऊ महिन्यांत एक मिलिसेकंद. खरं सांगते, वाईट वाटलं. पण अभ्यासही साधारण हेच सांगतात: निरोगी माणसात निव्वळ वजनांनी विश्रांतीतला एचआरव्ही फारसा हलत नाही; काही आजार असलेल्यांत थोडाफार वाढलेला दिसतो. तो वर नेण्यात चालणं, सायकल, पोहणं यांचाच हात जास्त. आणि मी तर जिम लागल्यापासून संगमाच्या फेऱ्या बंद केल्या होत्या, दोन्हीला वेळ कुठला म्हणून.

बदललं होतं ते वेगळ्याच रकान्यात. ४० किलो खांद्यावर घेऊन स्क्वॉट मारले तरी दुसऱ्या दिवशी आता तीनचीच घसरण, आणि त्याच्या पुढच्या सकाळी आकडा जागेवर. पाच किलोच्या डंबेलनं दहा उतरत होते आणि तिसऱ्या दिवशीही भरून येत नव्हते, त्याच बाईचा हा हिशेब.

एप्रिलपासून मंगळवार-गुरुवार पुन्हा संगमावर जाते, भराभर, धाप लागेपर्यंत. जूनअखेर सरासरी २९. श्रेय चालण्याचं की हंगाम आणि मार्चएंड दोन्ही संपल्याचं, ते एक्सेलमधून निघत नाही.

आज सकाळी १९. काल लेग डे होता, वर रात्री पाहुणे. आतून हाक आलीच, “किती लागली गं?”

“एकोणीस.”

“मग आज पळू नको. मी पण येते, घाटापर्यंत.”

पट्टा धुऊन दोरीवर टाकला आणि आईंच्या चपला शोधायला लागले.