साडेबारा, एक की दीड?

ताई वडिलांचा हात धरून आत आल्या, तेव्हा माझ्या कामाच्या टेबलावर तीन मॅन्टल क्लॉक, म्हणजे फळीवर ठेवायची घड्याळं, विकायला तयार होती. तिन्ही मीच खोलून, धुऊन, तेल देऊन चालू केलेली. ताईंना घरासाठी एक जुनं घड्याळ हवं होतं. काका खुर्चीत बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि गप्प राहिले. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, हे मला नंतर कळलं.

ताईंची नजर सोनेरी घड्याळावर गेली. खडकाला टेकलेली बाई, हातात वीणेसारखं वाद्य. "ब्राँझ आहे ना?" मी ते आडवं करून तळ दाखवला. रंग खरवडलेल्या जागी करडा धातू दिसत होता, म्हणजे जस्ताचं ओतकाम. त्यात वाईट काही नाही, पण ब्राँझ समजून कुणी घेऊ नये. शिवाय मागचं झाकण काढलं की मशीनच्या भोवती चार रिकामी भोकं दिसतात. मूळचं मशीन गेलंय, हे दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळातलं बसवलंय. असं घड्याळ चालतं, पण जुनं म्हणून त्याची किंमत मोजायची नसते. ताईंनी ते बाजूला सरकवलं.

दुसरं माझं लाडकं. काळ्या पाटीच्या दगडाचं, फ्रेंच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. अँटीक म्हणायला साधारण शंभरी उलटावी लागते, ती याची केव्हाच उलटलीय. पितळी गोल मशीन, आठ दिवसांची चावी, बाराच्या आकड्यावर एक बारीक भोक. त्यात छोटी किल्ली घालून फिरवली की लंबकाची झुलती लांबी कमी-जास्त होते, घड्याळ पुढे-मागे पडत असेल तर तिथूनच सुधारायचं, लंबकाला हात लावावा लागत नाही. मशीनच्या पत्र्यावर आतल्या बाजूला माझ्या आधीच्या पाच कारागिरांनी सुईने कोरलेल्या तारखा आहेत. इतक्या हातांनी सांभाळलेलं मशीन मला कधी निव्वळ पितळ वाटत नाही. मी ते काकांच्या समोर ठेवून चालू केलं.

काका थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे लंगडतंय."

खरंच लंगडत होतं. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं नव्हतं. टेबल त्या कोपऱ्यात जरा उतरतं आहे, आणि सरळ न बसलेलं लंबकाचं घड्याळ आज ना उद्या थांबतं. मी डाव्या कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. काकांनी मान हलवली.

मग टोले ऐकवायचे म्हणून मी काटा पुढे घेतला. अकरा कमी दहा मिनिटं होती. अकराचे टोले पडत असतानाच, घाईत, मी काटा साडेअकरावरून पुढे नेला आणि बारावर आणून थांबलो. एकच टोला पडला.

"एक वाजला?" काका म्हणाले.

"नाही बाबा, काटा बारावर आहे."

दोष घड्याळाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. या मशीनमध्ये तासाला तितके टोले आणि दर अर्ध्या तासाला एक टोला पडतो, आणि हा हिशेब एका चकतीवर असतो. तिच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा असतात आणि ती क्रमाने पुढे जाते, काटे कुठे आहेत ते तिला कळत नाही. साडेअकराचा टोला मी चुकवला, म्हणून बाराला तिने तोच उरलेला एक दिला. मागची पट्टी उचलून टोले पुन्हा जुळवायला मला मिनिटही लागत नाही. पण ती पट्टी उचलणाऱ्याला काटे दिसावे लागतात.

तेव्हा कुठे काकांनी सांगितलं की घड्याळ त्यांच्यासाठीच घ्यायचंय. रात्री दोन-तीनदा जाग येते, किती वाजले कळत नाही. बोलणारं घड्याळ आहे, पण अंधारात त्याचं बटण चाचपावं लागतं आणि खोलीत कुणी परकं माणूस बोलल्यासारखं वाटतं. मग त्यांनी विचारलं, "जागा झालो आणि एकच टोला ऐकू आला, तर किती वाजले समजायचं?"

मी मनात मोजलं. साडेबारा, एक, दीड. ओळीने तिन्ही वेळा एकच टोला. इतकी वर्षं ही घड्याळं हाताळतोय, ही गोष्ट मला माहीत होती. पण जागं पडून राहिलेल्या माणसाला त्याचा काय त्रास होईल, असा विचार मी कधी केला नव्हता.

मी तिसरं घड्याळ पुढे ओढलं. 1930 च्या दशकातलं, मधे फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरतं, ज्याला नेपोलियनची टोपी म्हणतात तो घाट. वयाने व्हिंटेज, म्हणजे जुनं पण अँटीक नव्हे, दिसायला साधं. मी आधी ते दाखवणारसुद्धा नव्हतो. यात वेस्टमिन्स्टरची धून आहे, 1793 मध्ये केंब्रिजच्या चर्चसाठी बांधलेली आणि 1859 पासून लंडनच्या मोठ्या घड्याळात वाजणारी. पाव तासाला चार सूर, अर्ध्याला आठ, पाऊणला बारा, पूर्ण तासाला सोळा आणि त्यानंतर तासाचे टोले. इथे तासांचे टोले चकतीवर मोजले जात नाहीत. तासाच्या काट्याबरोबर फिरणारा पायऱ्यांचा एक शंख असतो, त्याची जी पायरी समोर येईल तितके टोले पडतात. काटे हलवले तरी टोले त्यांच्याशी जुळूनच राहतात.

काकांनी धून पूर्ण ऐकली. "म्हणजे आठ सूर वाजले की साडे झालं हे कळलं. कितीचं साडे, ते अर्ध्या तासात कळेल. तेवढा धीर आहे मला."

ताईंची खोली शेजारचीच, म्हणून मी त्यांना आधीच सांगितलं की दिवसभरात धुनीचे 960 सूर आणि तासांचे 156 टोले पडतील. पोकळ कपाटावर ठेवाल तर ते कपाटही वाजेल, तेव्हा भरीव लाकडावर, खाली जाड कापड घालून ठेवा. आवाज बंद करायची कळही दाखवली. काका लगेच म्हणाले, "तिला हात लावायचा नाही."

चावी मी त्यांच्याच हाताने द्यायला लावली. त्यांनी काच उघडली, डावा तळवा काट्यांच्या जरा पुढे आडवा धरला आणि उजव्या बोटाने तीन भोकं शोधली. मधलं वेळेचं, उजवं धुनीचं, डावं टोल्यांचं. तिसऱ्या वेळी चावी न अडखळता बसली.

दोन दिवसांनी मी घड्याळ त्यांच्या घरी मांडायला गेलो. लंबक काढून वेगळा नेला होता, तो अडकवला आणि हलकेच झोका दिला. काका पलंगावर बसून ऐकत होते. मी उजव्या बाजूखाली कागदाची घडी घातली, मग तिचा एक पदर कमी केला.

"आता," ते म्हणाले, "दोन्ही पाय सारखे पडतायत."