मुदतवाढ, परत मुदतवाढ आणि शेवटी सूटच

कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुराबद्दल जुलै २०२५ मध्ये केंद्राने जो निर्णय घेतला त्यावर पुण्यात फारसं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितेय. आपल्याकडे थंडी पडली की एक्यूआयचे स्क्रीनशॉट फिरतात, बांधकामाची धूळ, ट्रॅफिक, कचरा जाळणारे सगळ्यांवर बोलून होतं, पण घरातली वीज कुठून येते आणि तिचा धूर कोण खातं हा विषय निघत नाही, कारण चिमणी आपल्या खिडकीतून दिसत नाही ना.

तर झालं असं की ७ डिसेंबर २०१५ ला पर्यावरण मंत्रालयाने या केंद्रांना सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांची मर्यादा घालून दिली, दोन वर्षांत यंत्रणा बसवा म्हणाले. २०१७ संपलं, मग २०२२ पर्यंत मुदत, मग २०२१ मध्ये ए बी सी असे गट पाडले आणि नवीन तारखा, २०२२ मध्ये परत वाढ, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षं. आणि ११ जुलै २०२५ ला सी गटाला सल्फरच्या मर्यादेतून सूटच देऊन टाकली. देशातली साधारण ७८ टक्के युनिट्स या गटात येतात! बी गटाचं एकेक प्रकरण बघून ठरवणार, चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं केंद्र त्यात येतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे गट कसे पाडलेत ते. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर ए गट, यंत्र बसवायलाच लागणार. आधीच खूप प्रदूषित म्हणून नोंद झालेला भाग जवळ असेल तर बी. बाकी सगळे सी. म्हणजे शेजारी तालुक्याचं गाव असेल तर तिथल्या माणसाच्या छातीत काय जातं त्याला किंमत नाही का?

सरकारचं म्हणणं की आपल्या कोळशात सल्फर कमी असतो, बहुतेक ठिकाणी हवेतलं सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे, आणि एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर काढणारं यंत्र, महाग पडतं, त्याला चुनखडी लागते, वीज लागते. हे खोटं नाहीये. पण हा वायू वायूच्या रूपात राहत नाही, हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, तेच पीएम २.५, आणि ते शेकडो किलोमीटर जातात. मग नुसता वायू मोजून सगळं ठीक आहे कसं म्हणणार? आणि सूट देताना अट काय, तर चिमणीची उंची. पाचशे मेगावॉटच्या युनिटची चिमणी २७५ मीटरची असते, त्याने धूर जवळ पडायचा तो लांब पडतो, कमी होत नाही.

माझी मावशी विदर्भात एका केंद्राजवळ राहते. उन्हाळ्यात कुरडया गच्चीवर टाकल्या की वर जुनी सुती साडी पसरावीच लागते, संध्याकाळी ती झटकली की करडी पूड उडते. "काय सांगू बाप्पा, रोजचंच आहे," म्हणते. राख निदान दिसते तरी, सल्फर दिसत नाही, म्हणून त्याचा नियम काढला तरी कोणाला कळत नाही.

राखेचंच बघा ना, १९९९ पासून तिच्या वापराचा नियम आहे आणि तो वेळोवेळी कडक होत गेला. आज बाणेर-वाघोलीकडे कुठल्याही साइटवर या राखेच्या करड्या विटांचे ढीग दिसतात, पीपीसी सिमेंटच्या गोणीतही फ्लाय अ‍ॅश, म्हणजे हीच राख असते. राखेचा प्रश्न सुटलाय असं अजिबात नाही, पण नियम लावून धरला म्हणून तिला गिऱ्हाईक तरी मिळालं. आणि डहाणू! चिकूच्या बागांच्या त्या पट्ट्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने पर्यावरण जपायला प्राधिकरण नेमलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष, त्यांनी एफजीडीचा आग्रह सोडला नाही आणि २००७ मध्ये डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या कोळसा केंद्राला ते बसलं. २०१५ च्या नियमाच्या कितीतरी आधी, आपल्याच राज्यात.

वीज महागेल म्हणतात. थोडी महागेल, मान्य. पण २००६ मध्ये लोडशेडिंग नको म्हणून याच पुण्यात जास्त वापर असलेल्या ग्राहकांनी युनिटमागे जादा पैसे भरले होतेच की. पंखा चालू राहावा म्हणून दिले, मग दुसऱ्याला श्वास घेता यावा म्हणून द्यायला मी तरी तयार आहे.

आता ए गटाची तारीख डिसेंबर २०२७ आहे. ती पुढे ढकलायची अधिसूचना आली तर निदान तेव्हा तरी आपल्या खासदारांना, ऊर्जा खात्याला पत्रं जायला हवीत, मी माझं लिहायला घेतलंय, कोणाला मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवते.